आत्याची बाटली

माझ्या आत्याने एक खेळ गावात आणला आणि तिच्या नवऱ्याने तो मारला, असं आमच्या घरात अजून सांगतात. सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्या हॉलचा जिनासुद्धा चढलेला नाही. मी चढले होते, आणि बऱ्याचदा. तेव्हा मी इस्पितळात नर्स होते. सकाळची पाळी संपवून दुपारी मैत्रिणींबरोबर तिथे जायचे आणि हरून घरी यायचे. म्हणून हे मीच सांगितलेलं बरं. निदान दोष ज्याचा त्याच्या पदरात पडेल.

आत्या लग्नाआधी चामड्याच्या बॅगा दुरुस्त करणाऱ्या दुकानात काम करायची. हातात आरी, दातांत मेण लावलेला दोरा आणि अखंड बडबड. दातांत दोरा धरून माणूस एवढं बोलतो कसा, हे दुकानाच्या मालकाला शेवटपर्यंत कळलं नाही. तिचा आवाज ही तर आमच्या घराण्याची जुनी अडचण. ती कुजबुजली तरी शेजारचे उत्तर द्यायचे. तिची आई म्हणायची, "हिला नवरा बहिरा तरी मिळो, नाहीतर मुका."

मिळाला तो जवळजवळ मुकाच. आतोबा बिलियर्डचा हॉल चालवायचे. त्यांच्या खिशात कायम पाणसळ असायची. गवंडी भिंतीची पातळी बघायला वापरतात ना, बुडबुड्याच्या नळीची, तीच. टेबल केसभरही कललं तर बॉल वाकडा जातो, म्हणून ते दिवसभर ती टेबलावर ठेवून बुडबुडा बघत बसायचे. पुढे सवयच लागली. लोकांच्या घरी गेले की जेवणाच्या टेबलावर पाणसळ, खिडकीच्या कट्ट्यावर पाणसळ. एकदा दाढी करायला गेले तर खुर्चीच्या हातावर ठेवून म्हणाले, "डावीकडे उतार आहे." गावाने त्यांचं नावच पाणसळ ठेवलं. त्यांना तो मान वाटायचा.

या पाणसळीची चामडी पिशवी उसवली म्हणून ते आत्याच्या दुकानात गेले. तिने शिवून दिली. दुसऱ्या दिवशी परत आले. शिवण वाकडी आहे म्हणे. तिने उसवून पुन्हा शिवली. पुन्हा आले. तिने आरी खाली ठेवली.

"खरं सांगा. शिवण बघायला येता की मला?"

आतोबांनी विचार केला. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे.

"आधी शिवण बघायलाच आलो होतो," ते म्हणाले.

आत्या म्हणायची, त्या एका 'आधी'वर मी लग्न केलं.

हॉल एका लाँड्रीच्या वर होता. खालून दिवसभर वाफ यायची आणि टेबलांवरचं हिरवं कापड सर्दावायचं, म्हणून आतोबांचं आणि लाँड्रीवाल्याचं कायम वाजलेलं. वर तीन मोठी टेबलं, प्रत्येकात स्लेटच्या दगडाची जाडजूड लादी, वर लोंबणारे दिवे, भिंतीला लाकडी बाकं आणि 'शांतता राखा' अशी पाटी. ती पाटी बघून मला आमचा अतिदक्षता विभाग आठवायचा. फरक इतकाच, की आमच्याकडे अधूनमधून कोणीतरी कण्हायचं.

गिऱ्हाईक म्हणजे चार निवृत्त गृहस्थ. ते आतोबांइतकेच सभ्य आणि आतोबांइतकेच गप्प. आतोबा स्वतः इतके चांगले खेळायचे, की त्यांची पाळी सुरू झाली की समोरचा खाली जाऊन कपडे इस्त्रीला टाकून, चहा पिऊन परत यायचा, आणि तरी आतोबांची पाळी चालूच. एकदा त्या चौघांतला एक बाकावर बसल्याबसल्या बेशुद्ध पडला. बाकीच्यांनी त्याच्या एकाग्रतेचं कौतुक केलं.

अशा जागी आत्या लग्न होऊन आली. पहिले काही महिने तिने जीभ चावून काढले. हॉलमध्ये चहा द्यायची, क्यूच्या काठ्यांना लावायचे खडू मांडून ठेवायची आणि घरी आली की दिवसभराचं साठलेलं एका दमात बोलून टाकायची. आतोबा ऐकायचे आणि झोपायचे. ती म्हणायची, "माझा संसार चांगला चाललाय. फक्त दिवसा कुणीतरी मेल्यासारखं वाटतं."

मग एका दुपारी पायाच्या कुरुपांवर मलम विकणारा एक फिरता विक्रेता जिना चढून आला. त्याचेच पाय दुखत होते म्हणून बसायला आला होता. आतोबा बँकेत गेले होते. विक्रेत्याने बूट काढले, पाय चोळले आणि रिकाम्या टेबलाकडे बघून आत्याला विचारलं, "बाई, तुमच्याकडे बाटली खेळत नाहीत का?"

"काय खेळत नाहीत?"

त्याने पेटीतून मलमाची एक बाटली काढली आणि टेबलाच्या मधोमध उभी केली. पांढरा बॉल आणि आणखी दोन बॉल घेतले. मग त्याने सांगितलेला खेळ असा. पांढऱ्या बॉलने दुसरा बॉल पॉकेटमध्ये घातला की एक गुण. पांढरा बॉल दोन्ही बॉलना लागला तरी एक गुण. पण बॉलला लागून मग बाटलीला लागला आणि बाटली आडवी झाली, तर एकदम पाच. आधी बाटलीलाच लागला तर पाळी गेली. आडवी झालेली बाटली जिथे तिचं तोंड पडलं असेल तिथेच पुन्हा उभी करायची, त्यामुळे दर पाळीला ती टेबलावर नव्या जागी फिरते. आणि जिंकायचं ते बरोब्बर एकतीस गुणांवर. बत्तीस झाले की माणूस 'फुटला'. त्याच्या नावावर एकतिसाच्या वरचे तेवढेच गुण राहतात आणि तो पुन्हा तळापासून सुरू.

"आणि बाटली उडून पुन्हा बुडावर उभी राहिली तर?" आत्याने विचारलं.

"तर मग सगळं सोडा," विक्रेता म्हणाला. "तो तिथल्या तिथे जिंकला. गुण कितीही असोत."

आतोबा परत आले तेव्हा त्यांची बायको टेबलावर अर्धी ओणवी झालेली, केस सुटलेले, आणि एक अनवाणी परका माणूस "फुटल्या! बाई फुटल्या!" म्हणून नाचतोय. कुठल्याही नवऱ्याच्या मनात काय आलं असतं? आतोबांचं लक्ष फक्त टेबलाकडे गेलं.

"माझ्या टेबलावर बाटली?"

"उभीच आहे," आत्या म्हणाली. "कोणी पीत नाहीये."

"हा खेळ नाही. हा धिंगाणा आहे."

"मग एक टेबल धिंगाण्याला द्या. तीन आहेत आणि गिऱ्हाईकं चार."

हा हिशेब आतोबांना खोडता येईना. भिंतीकडचं टेबल, ज्याला लाँड्रीची वाफ सगळ्यात जास्त लागायची, ते त्यांनी दिलं. आणि त्याच्याकडे पाठ केली.

हा खेळ मुळात कुठला, हे विक्रेत्यालाही माहीत नव्हतं. पण आत्याला इतिहासाची टंचाई कधीच भासली नाही. समोर गिऱ्हाईक जसं असेल तसा ती सांगायची. बंदरावरच्या हमालांना सांगे की जहाजावरच्या आचाऱ्यांनी काढला. न्यायाधीशांना सांगे की एका राजाच्या दरबारात निघाला. आम्हा नर्सना तिने सांगितलं होतं की एका वेड्यांच्या इस्पितळातून आला. आम्हाला ते पटकन पटलं.

लोक यायला लागले ते आधी कुतूहलाने आणि मग व्यसनाने. पहिला आला बेकरीवाला. त्याचं काम पहाटेच संपायचं आणि दुपारभर बायको त्याला घरातली कामं सांगायची, म्हणून तो पळून यायचा. मग टपाल वाटणारे आले, शाळेतल्या बाई आल्या, बंदरावरचे हमाल आले, आम्ही नर्स आलो. बायका बिलियर्डच्या हॉलमध्ये जातात म्हणून काही लोकांनी नाकं मुरडली. मग त्या नाकं मुरडणाऱ्यांच्या बायकाही आल्या.

त्या खेळाची गंमत अशी होती, की चांगला खेळणारा त्यात हमखास मार खायचा. नेम चांगला असणाऱ्याला बाटली दिसली की राहवत नाही. पाच, दहा, पंधरा करत तो सुसाट वर जातो. मग तीस होतात, आणि आता फक्त एक हवा असतो. बाटली नेमकी अशा जागी येऊन उभी राहते, की बॉलला हात लावला तरी ती पडणार. पडली की पाच. पाच म्हणजे पस्तीस, पस्तीस म्हणजे फुटला, आणि पदरात उरले चार. इकडे आमच्यासारख्या आंधळ्या नेमाच्या बायका एक-एक करत रांगत यायच्या आणि जिंकून जायच्या. निदान माझ्या मैत्रिणी जायच्या. मला रांगतानाही बाटली पाडायची सवय होती.

'फुटला' हा शब्द मग गावभर झाला. कोणी जास्त बढाई मारली की मागून आवाज यायचा, "फुटला!" आमच्या मोठ्या डॉक्टरांनी एकदा भाषणात स्वतःचं इतकं कौतुक केलं, की मागच्या रांगेतून एक हमाल ओरडला आणि सगळं सभागृह हसून लोळलं. डॉक्टरांना अर्थ कळला नाही. त्यांनी हात जोडले.

आत्याने खेळात एकच नियम आपल्या पदरचा घातला. एकतीस झाले, की ज्याचे झाले त्याने ते मोठ्याने ओरडून सांगायचं. पुढच्याने क्यू मारायच्या आत ओरडलं नाही, तर ते एकतीस धरायचे नाहीत. मला वाटतं, इतके महिने गप्प बसल्याचा तिने काढलेला सूड होता तो. यावरूनच न्यायाधीशांचं प्रकरण झालं.

न्यायाधीश कोर्ट सुटलं की यायचे. गोरे, गुबगुबीत, आणि बाहीने बॉल हळूच सरकवण्यात पटाईत. हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायचं कोणी? त्या दिवशी त्यांचे एकतीस झाले, अगदी खरेखुरे, बाही न वापरता. त्यांनी चष्मा पुसत, कोर्टात बोलतात तसं अदबीने म्हटलं, "एकतीस."

आत्या बाटली पुसत उभी होती. "काय म्हणालात?"

तेवढ्यात बेकरीवाल्याने आपली पाळी खेळून टाकली.

"अहो, मी एकतीस म्हणालो!" न्यायाधीश म्हणाले.

"मला ऐकू आलं नाही."

"या सगळ्यांनी ऐकलंय!"

आत्याने सगळीकडे बघितलं. बाकांवर बसलेल्या सगळ्यांनी छताकडे बघितलं. हमाल तर डोळेच मिटून बसले.

"साक्षीदार नाहीत, साहेब," आत्या म्हणाली.

न्यायाधीश लालबुंद झाले. मला वाटलं, आता हॉलला कुलूप लागतंय. पण ते क्यू टेकवून उभे राहिले, आणि मग पोट धरून असे हसले की कॉलरचं बटण तुटून गेलं. त्यानंतर ते एकतीस इतक्या जोरात ओरडायचे, की खालच्या लाँड्रीत इस्त्री हातातून सुटायची. बॉल मात्र सरकवत राहिले.

या सगळ्यात आतोबा कुठे होते? दोन टेबलांपलीकडे. चार गृहस्थांपैकी दोघे केव्हाच बाटलीकडे गेले होते, तिसरा जाऊ की नको करत होता. आतोबा एकटेच खेळायचे, पाठ करून. आमची आरोळी उठली की त्यांचे खांदे कानांपर्यंत वर जायचे. हॉलमध्ये ते आत्याशी बोलायचे नाहीत आणि घरी ती सोडायची नाही. "अहो, एकदा तरी खेळून बघा." "नाही." "एक पाळी." "भात वाढ."

पण एक गोष्ट त्यांना बघवेना. काचेची बाटली पडून पडून कापडावर वळ उठायला लागले आणि एक दिवस ती फुटली. मग आत्याने आपली जुनी आरी काढली, जाड चामडं घेतलं, पाण्यात भिजवून, लाकडी साच्यावर ताणून, वाळवून, शिवून एक बाटली केली. आत भुसा भरला. दिसायला झकास झाली, पण उभी राहीना. डुलायची, आणि कोणी नुसतं शिंकलं तरी आडवी व्हायची. आतोबा दोन दिवस हे पाठीने ऐकत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याने बघितलं, तर बाटलीचं बूड उसवून आत शिशाची चकती बसवलेली, आणि बूड पुन्हा शिवलेलं. शिवण इतकी सरळ की तिलाही तशी जमली नसती. बाटली टेबलावर ताठ उभी होती.

"तुम्ही केलंत?" तिने विचारलं.

"वाकडी उभी राहत होती," आतोबा म्हणाले. "मला चालत नाही."

त्यानंतर ते रोज सकाळी लवकर हॉलवर जायला लागले. शिशाचं वजन तपासायचंय म्हणाले. एकदा माझी पाळी बदलली होती म्हणून मी सकाळीच आत्याबरोबर हॉलवर गेले. जिन्याच्या वरच्या पायरीवर तिने मला हाताने थांबवलं. आतून क्यूचा आवाज आला, मग बॉल लागल्याचा, मग बाटली पडल्याचा मऊ धप्प आवाज. थोड्या वेळाने पुन्हा. आम्ही दाराच्या फटीतून बघितलं. आतोबा टेबलाभोवती फिरत होते. बाही वर सरकवलेल्या, कपाळावर घाम. त्यांनी एक बॉल हलकेच पॉकेटमध्ये सोडला, सरळ उभे राहिले, रिकाम्या बाकांकडे बघितलं आणि घसा खाकरून म्हणाले, "एकतीस."

आत्याने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मग ती पाऊल न वाजवता जिना उतरली. तिला तसं उतरता येतं, हे मला तेव्हाच कळलं.

"कोणाला बोलू नकोस," खाली आल्यावर ती म्हणाली. खरंच कुजबुजली. "लाजतील."

पुढे जे झालं ते बिलियर्ड संघटनेच्या तपासनिसामुळे. आपला हॉल मोठ्या स्पर्धेसाठी मान्य व्हावा, हे आतोबांचं कितीतरी वर्षांचं स्वप्न. त्यांनी अर्जावर अर्ज केले होते. अखेर एक तपासनीस आला. काटकुळा, ओठ शिवल्यासारखे, बॅगेत मोजपट्ट्या. त्याने पॉकेटची तोंडं मोजली, टेबलाच्या कडांचं रबर दाबून बघितलं, स्वतःची पाणसळ लावली. मग आतोबांची लावली. दोन्ही बुडबुडे एकाच जागी थांबले तेव्हा दोघांच्या चेहऱ्यावर जे भाव आले, ते मी फक्त लग्नाच्या फोटोंत पाहिलेत.

आणि नेमकी तेव्हा भिंतीकडच्या टेबलावरून आरोळी उठली, "फुटलाऽऽऽ!"

तपासनिसाने मान वळवली. हमाल, नर्स, पिठाने माखलेला बेकरीवाला, न्यायाधीश आणि मधोमध चामड्याची बाटली.

"हे काय आहे?"

आत्याने बाटली पदराआड घेतली आणि मान खाली घातली. आतोबांनी नुसतं म्हटलं असतं, 'काही नाही, बायकोचा चाळा', तर कोणाला काही वाटलं नसतं. तिलाही नाही.

आतोबा म्हणाले, "हा खेळ आहे." मग जरा थांबून म्हणाले, "आणि अवघड आहे."

आत्याच्या हातून बाटली खाली पडली. त्या दिवशी ती इतकी हळू बोलत होती, की मी तिचं कपाळ चाचपून बघितलं.

तपासनिसाने क्यू मागितला. नियम समजून घेतले. नेम सुरेख होता माणसाचा. बघता बघता तीस झाले, आणि तिथे तो अडकला. फुटला. पुन्हा चढला, पुन्हा फुटला. संध्याकाळ होईपर्यंत त्याने कोट काढला, टाय काढला, आणि शेवटी एकतीस झाले तेव्हा बाकावर चढून ओरडला. जाताना आतोबांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "याचं काहीतरी करायला हवं."

तिथेच खेळाचं मरण ओढवलं, असं मी मानते. कारण त्यांनी खरंच काहीतरी केलं.

संघटनेने बाटलीला रीतसर मान्यता द्यायची ठरवली. नियम ठरवायला एक समिती नेमली आणि समितीचे अध्यक्ष आतोबा. मी त्यांना इतकं आनंदात कधी बघितलं नव्हतं. सकाळी दाढी करताना शीळ घालायचे. घरातल्या टेबलावर कागद, कंपास, काटा आणि मध्ये बाटली. बाटलीचं वजन किती, उंची किती, मानेचा उतार किती. पडलेली बाटली उभी करणार कोण? पांढरे हातमोजे घातलेला पंच. एकतीस कोण सांगणार? पंच, आणि शांत स्वरात. प्रेक्षकांनी बसून राहावं. फटका मारताना हसू नये.

"हसू नये?" आत्या म्हणाली. "मग येतील कशाला?"

"खेळ बघायला."

"अहो, हसणं हाच खेळ आहे!"

"तू याला कमी लेखतेस," आतोबा म्हणाले, आणि ते मनापासून दुखावले होते. "मी याला मोठा करतोय."

सगळ्यात मोठं भांडण झालं ते बाटली उभी राहण्यावरून. उडालेली बाटली बुडावर उभी राहिली की जिंकला, हा नियम आतोबांनी काढून टाकला. म्हणे ते निव्वळ नशीब आहे, त्यात कौशल्य नाही. आता, अख्ख्या गावात ते एकदाच कोणाला साधलं होतं, बेकरीवाल्याला. त्या दिवसापासून त्याच्या चालण्यात फरक पडला होता. तो नियम गेला म्हणताच तो आतोबांच्या दारात येऊन उभा राहिला. "म्हणजे माझं ते झालंच नाही का?" आतोबांनी त्याला समजावलं, की झालं, पण यापुढे धरलं जाणार नाही. बेकरीवाला आल्या पावली परत गेला.

मग एकतीस फार लवकर होतात, म्हणून आतोबांनी ते एकशे एक केले.

पहिली अधिकृत स्पर्धा आमच्याच हॉलमध्ये झाली. टेबलं नव्या कापडाची, बाटली संघटनेच्या कारखान्यातून आलेली, प्लॅस्टिकची, पंच हातमोजे घातलेला. आत्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं, आणि ती दोन्ही हात तोंडावर दाबून बसली होती. एक डाव दुपारभर चालला. न्यायाधीश झोपले, ते घोरायला लागले तेव्हा पंचाने त्यांना समज दिली. अर्ध्यातच बेकरीवाला उठला आणि म्हणाला, "मी बेकरीत जातो. तिथे पीठ तरी फुगतं." त्याच्यामागे हमाल उठले. मीही उठले. आतोबांनी वर बघितलंसुद्धा नाही. ते बाटलीकडे बघत होते, नव्या बापाने पाळण्यात बघावं तसे.

लोक भांडून गेले नाहीत. नुसते यायचे थांबले. थिएटरच्या समोर नाणं टाकून खेळायची छोटी टेबलं आली होती, तिथे गाणी लावलेली असायची आणि हसायला बंदी नव्हती. संघटनेने दोन-तीन वर्षं स्पर्धा घेतल्या, मग तपासनीस निवृत्त झाला आणि त्याच्याबरोबर बाटलीही. आमच्या हॉलमध्ये पुन्हा शांतता झाली. या वेळी ती राखायला पाटीची गरज नव्हती.

आतोबांना उमजायला वेळ लागला. एका दुपारी त्यांनी आत्याला विचारलं, "लोक का येत नाहीत ग?"

आत्याजवळ या प्रश्नाची उत्तरं दोन-तीन वर्षांची साठलेली होती. पण तिने चामड्याची बाटली कपाटातून काढली आणि टेबलावर ठेवली. "चला, एकतिसाने खेळू." दोघांनी जुन्या नियमांनी डाव मांडला. तिने बेकरीवाल्याला निरोप पाठवला, न्यायाधीशांना पाठवला, मला पाठवला. मी गेले. आणखी दोघे आले. आम्ही ओरडलो, "फुटला" म्हटलं, पण ते नाटकात ओरडतात तसं वाटलं. सगळ्यांनाच ते कळलं. लोक लवकर निघाले.

ते गेल्यावर आतोबा क्यू पुसत बसले होते. "मी बिघडवलं," ते म्हणाले.

"हो," आत्या म्हणाली. ती उगाच समजूत घालणारी बाई नव्हती. मग ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली. "पण मनापासून बिघडवलंत."

हॉल पुढे लाँड्रीवाल्याने घेतला. आतोबांनी त्याच्याशी शेवटचं भांडण करून सह्या केल्या. टेबलं गेली, क्यू गेले. आत्याने एक खोली भाड्याने घेऊन बॅगा दुरुस्त करायचं दुकान काढलं आणि आतोबा तिथे गल्ल्यावर बसायला लागले. गिऱ्हाईकांशी त्यांचं जमायचं नाही, कारण बॅग कशाने फाटली याचं खरं कारण ते तोंडावर सांगायचे. "तुम्ही यात फार भरता." आत्या आतून ओरडायची, "त्यांना भरू द्या! म्हणून तर आपण आहोत!" दुकान चांगलं चाललं. बेकरीवालाही एकदा पट्टा लावून घ्यायला आला आणि आतोबांशी तासभर पिठाच्या वजनाबद्दल बोलत बसला. जुन्या गोष्टीचा विषय दोघांनीही काढला नाही.

आतोबा गेले ते माझ्याच वॉर्डात, दुपारचं जेवण झाल्यावर, काहीही त्रास न देता. आत्या महिनाभर गप्प होती. आम्ही सगळे घाबरलो. डॉक्टर म्हणाले वेळ द्या. मग एक दिवस ती म्हणाली, घरात बसून कंटाळा आला, आणि या वयात नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकायला गेली.

मी तिला बघायला गेले तर ती कठड्याला धरून पाय मारत होती आणि शिकवणाऱ्या मुलीला सांगत होती की तू शिकवतेस ते चुकीचं आहे. मला बघून तिने एक हात सोडला. लगेच बुडाली, वर आली, नाकातोंडातून पाणी उडवलं.

"बघत काय बसलीस?" अख्ख्या तलावाला ऐकू जाईल असं ती ओरडली. "काढ ते बूट आणि उतर खाली!"